खेळण्याची जागा: कुठेही

सोयाबीनची मळणी सुरू झाली, की आमच्या गावाचा वास बदलतो. आधी ओल्या पाल्याचा असतो, आठ दिवसांत कोरडा होतो, कुटाराचा, मळणीच्या भुशाचा, घशात रुतून बसणारा. ओसरी झाडून घ्यावी, तर चहा उकळेपर्यंत पुन्हा धुळीचा थर. बायका नाकाला पदर लावून रस्त्यानं जातात आणि एकमेकींना नुसत्या डोळ्यांवरून ओळखतात. अमडापूरच्या बाजाराहून येणारा माणूस शिंकतच गावात शिरतो. या दिवसांत लोकांना दिवाळी जवळ आल्यासारखं वाटतं. मला मात्र पायाखाली काहीतरी घरंगळल्यासारखं वाटतं.

त्याला कारण आहे. आमच्या गावात भलंमोठं सपाट सिमेंट एकाच ठिकाणी आहे, शाळेच्या मागे, बास्केटबॉलच्या मैदानावर. वर्षभर पोरी तिथं खेळतात आणि मळणीच्या दिवसांत अख्खं गाव तिथं सोयाबीन वाळवतं. कुणाचं वाळवण कुठपर्यंत, हेसुद्धा मैदानाच्या पांढऱ्या रेषांवरूनच ठरतं. रिंगेखालचं या घरचं, मधल्या गोलातलं त्या घरचं. आणि शाळांच्या स्पर्धाही नेमक्या याच दिवसांत येतात. ज्यानं हे वेळापत्रक बांधलं, त्याच्या घरी वावर नसणार.

म्हणून आमच्या पोरी खेळाआधी दाणे बाजूला लोटतात आणि झाडू मारतात. कितीही झाडलं तरी फटीत चार दाणे राहतातच. धावत्या पोरीचा पाय त्यावर पडला, की ती आधी आपटते आणि नंतर तिला कळतं. आमच्या पोरी त्यामुळे तळवा जमिनीला घासत धावायला शिकल्या. शहरातल्या शाळांच्या पोरी हसायच्या, म्हणायच्या, पाहा कशा उकिरड्यावरच्या कोंबड्यांसारख्या पळतात. पळू दे. आमचा पाय सुटायचा नाही.

मी काही मास्तरीण नाही. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण मग त्याच शाळेत प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायला लागले. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाईमाणूस लागतं. शाळेत बाईमाणसं दोन. दुसऱ्या होत्या मराठीच्या बाई, त्यांना एसटी लागायची. चिखली येईपर्यंत त्यांचा जीव अर्धा व्हायचा. त्यामुळे मी. पहिली दोन वर्षं चपला राखल्या, लिंबं कापली, पोरींच्या गुडघ्यांना हळद लावली. मग खेळाचे सर बदलून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. पोरी खेळत राहिल्या, मी पाहत राहिले. कपाटात नियमांचं एक पुस्तक सापडलं, पुठ्ठा नसलेलं. भाकरी थापता थापता ते वाचलं. अजून त्याची पानं उघडली तर पीठ झडेल.

त्यातून मला जेवढं कळलं तेवढं सांगते. एक नंबरची पोरगी चेंडू घेऊन येते. दोन नंबरची लांबून टाकते. पाच नंबरची रिंगेखाली उभी राहून मार खाते. चार नंबर तिच्या जवळची, धक्काबुक्कीतली. आणि तीन नंबर बाजूला, मोकळ्यावर. तिला रिंग दिसते आणि माणसंही दिसतात. सगळ्यात चांगली जागा तीच. फॉरवर्ड म्हणतात ते या तीनला आणि चारला.

गेल्या आठवड्यात मी ओसरीवर सूप घेऊन बसले होते, तेव्हा प्रवीण सर आले. शाळेत नवे आहेत, चांगले आहेत, जुन्या माणसाला विचारायची लाज वाटत नाही त्यांना. सोबत एक उंच पोरगी, सोळा-सतराची. नाव सांगायच्या आधीच मी तिला ओळखलं, मानेवरून. काही मुली उभ्या राहिल्या की मान थोडी पुढं काढून राहतात, जसं काही कोणी हाक मारणार आहे आणि ती हुकायला नको.

सर म्हणाले, ही गौरी, डोणगावकडची, इथं मामाकडे राहून अकरावीत शिकते. फॉरवर्ड आहे, पण कुठंही घाला, खेळते. "काकू, हिला सुरुवातीला कुठून उतरवू? का राखून ठेवू? जिथं भगदाड पडेल, तिथं घालता येईल."

सुपातले दाणे सुपातच राहिले. अगदी हेच मी म्हटलं होतं, याच दिवसांत, हिच्या आईबद्दल.

हिची आई रंजू. तेव्हा बारावीत होती. सोयाबीनवरून अनवाणी चालत यायची, दाण्यांतून पाय ओढत, मागं दोन चर उमटवत. वाळत घातलेलं धान्य पालथं करायची ती रीतच आहे आमच्याकडे, पायानं चाळवत जायचं. रंजू तेही करायची आणि येता येता चेंडूही आपटत यायची, दुसऱ्याच्या सोयाबीनचा एक दाणा न उडवता. तिला मी एक नंबरवर घातलं, तिनं चेंडू आणला. पाचवर घातलं, मार खाल्ला आणि रिंगेवरून उडालेला चेंडू हिसकून घेतला. तिला खुलताना मात्र मी एकाच ठिकाणी पाहिलं होतं. तीन नंबरवर, डाव्या बाजूला. तिथं चेंडू हातात आला की ती क्षणभर थांबायची, समोर पाहायची, आणि समोरच्या पोरीला आधीच कळायचं की आपण गेलो.

तीन नंबरवर होती माझी सुनंदा. माझी पोटची. सुनंदाला मैदानावर एकच जागा जमायची, डाव्या कोपऱ्यापासून दोन पावलं आत. तिथून टाकलेला तिचा चेंडू दहातून चारदा तरी पडायचा. दुसरीकडे उभी केली की ती पाहुण्यासारखी वागायची, कोणी बस म्हणेपर्यंत बसायची नाही. सुनंदाला एकच जागा जमायची, म्हणून ती तिची झाली. रंजूला पाचही जमायच्या, म्हणून तिला एकही मिळाली नाही. हे मी त्या वेळी अगदी शहाणपणानं ठरवलं होतं. संघाच्या भल्याचं म्हणून ठरवलं होतं. पोरींनीही मान डोलावली होती. रंजूनंही.

आणि मला सगळं ठाऊक होतं, हे सांगायला हवं. न सांगता पुढं जाता येतं, इतकी वर्षं गेलेच आहे.

त्या श्रावणात रंजूची थोरली बहीण मालू गेली. काविळीनं. आठ महिन्यांचं लेकरू मागं ठेवून. तिसऱ्या आठवड्यापासून बोलणी सुरू झाली, की बाहेरची बाई आणली तर लेकराचे हाल होतील, घरातलीच द्यावी. घरातली म्हणजे रंजू. दिवाळीला तिला अठरा पूर्ण होत होती. तिचे वडील माझ्याकडे आले. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. टोपी गुडघ्यावर ठेवून बोलले.

"वहिनी, पोट्टी खेळाचं म्हणून राह्यली. इभागाच्या संघात निवड झाली तर मी जावयाले नाही म्हणतो, तिले होस्टेलात शिकायले धाडतो. नाही झाली तर दिवाळीनंतर उरकून टाकतो. माह्या हातात आता इतकंच हाये."

मी म्हटलं, होईल निवड. म्हणायला काय लागतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या टेबलावर बसून मी संघाचे फॉर्म भरले. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडेच असायचं. नाव, वर्ग, जन्मतारीख, उंची. शेवटचा रकाना, खेळण्याची जागा. सुनंदाच्या फॉर्मवर लिहिलं, तीन नंबर, डावी बाजू. बाकीच्या चौघींच्या एक, दोन, चार, पाच. रंजूचा फॉर्म शेवटी होता. मी थोडा वेळ पेन धरून बसले. खिडकीतून मैदानावरचं सोयाबीन दिसत होतं. मग लिहिलं, कुठेही.

तेव्हा मला तो शब्द फार मोठा वाटला होता. किती वर्षं मी स्वतःला सांगत आले, की याहून मोठं कौतुक मी कोणत्याच पोरीचं केलं नाही.

शाळेकडे जर्सी सात होत्या, त्यातल्या धड पाच. त्या पहिल्या पाचजणींच्या. रंजूला मिळाली ती काखेत उसवलेली, पाठीवरचा नंबर निघालेला. मी माझ्या जुन्या परकराच्या कापडाचा नंबर कापून मशीनवर शिवून दिला. ती म्हणाली, छान दिसतो काकू. दिसत नव्हता.

बुलढाण्याला निवडीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. घाटावरचं धुकं, पलीकडची रिंग दिसेना. निवड करणारी तीन माणसं खुर्च्या टाकून बसली होती, गुडघ्यांवर फॉर्मांचे गठ्ठे, हातात चहा. त्यांचं मी आधीच्या वर्षी पाहून ठेवलं होतं. ते पहिली दहा मिनिटं बघतात. ज्या पोरी सुरुवातीला उतरतात, त्यांच्या फॉर्मवर खुणा होतात. मग माणसं गप्पांत पडतात. हेही मला ठाऊक होतं.

सुनंदा उतरली. तिच्या जागेवर उभी राहिली. धुक्यातून दोन चेंडू पडले तिचे. खुर्चीतल्या माणसानं खूण केली, ती मी पाहिली. आईचा डोळा असतो तो, दुसरं काही पाहत नाही.

रंजू माझ्या शेजारी बाकावर. गुडघे हलवत. मध्येच म्हणाली, "काकू, मले तीनवर पाच मिनिटं देता? पाचच." मी म्हटलं, तू तर कुठंही चालतेस व, थांब जरा. ती थांबली. मग आमच्या चार नंबरच्या पोरीचा पाय मुरगळला, तिथं रंजू गेली. एक नंबरची दमली, तिथं गेली. पाच नंबरचे फाउल भरले, तिथं गेली, आणि तिच्या कोपरावरून रक्त यायला लागलं तेव्हा मी हळद काढली, तर म्हणाली, नंतर. तो सामना आम्ही जिंकलो तो तिच्यामुळे, हे आमच्या एसटीच्या कंडक्टरनंही सांगितलं असतं. फक्त तीन नंबरवर ती गेली नाही. तिथं भगदाड पडलं नव्हतं. मी पडूच दिलं नव्हतं.

सामना संपल्यावर तिघांपैकी एकानं रंजूचा फॉर्म वर धरला. मला विचारलं, बाई, ही नेमकी कोणत्या नंबरची? तोंडात आलं होतं, तीन. शेजारी सुनंदा उभी होती, घामानं चमकणारी, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, कुठंही चालते, सर. त्यांनी बरं म्हटलं आणि फॉर्म दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवला.

नावं वाचली तेव्हा सुनंदाचं नाव होतं. रंजूचं राखीवमध्ये. राखीव म्हणजे घरी थांबायचं, संघातली कोणी पडली तर बोलावणं येईल.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मला आठवायचे नसतात, आणि कुटाराचा वास आला की तेच आठवतात. रंजूनं पिशवी भरून ठेवली होती. रोज सकाळी मैदान झाडायला यायची. हातात झाडू, मान पुढं काढलेली, आणि विचारायची, "कोणी पडलं का, काकू?"

मी म्हणायची, नाही व.

एवढी गुणी पोरगी, आणि रोज सकाळी उठून कोणीतरी पडायची वाट पाहत होती. तिला तसं करायला मी लावलं. सुनंदा सरावाला जाऊन यायची, तेव्हा रंजू तिच्या गुडघ्यांकडे बघायची. एकदा बघताना मी तिला पकडलं, तर तिनं नजर खाली केली आणि दाणे लोटायला लागली. संघातली कोणीच पडली नाही. पडलेली एक होती, तिच्याच घरातली, आणि तिच्या जागेवरून मात्र बोलावणं लगेच आलं.

वडील पुन्हा आले. या वेळी टोपी डोक्यावरच होती. बोलणं ठरलेलंच होतं, फक्त कोणीतरी बरं म्हणायला हवं होतं. विचारलं, "निभावते ना व ती?" मी म्हटलं, तिला कुठंही टाका, निभावते.

मालूची लुगडी-पातळं रंजूला तशीच चालली. ब्लाऊज सैल व्हायचे. ते माझ्याकडे आले टाके घालायला, त्याच मशीनवर. मी टाके घातले. तिला घालून पाहायला बोलावलं, तेव्हा ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, छान बसलं, काकू. कोपरावरची खपली अजून पडली नव्हती.

सुनंदा विभागाला खेळली, पुढं राज्याला. त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या जागेतून पोलिसात लागली. आज ती खाकी घालून येते तेव्हा गल्लीतली माणसं उठून उभी राहतात, आणि मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू. बरं वाटतं, आणि मग रात्रीचं जेवण जात नाही. ती कधी त्या वर्षाबद्दल बोलत नाही. परवा फोनवर मी रंजूची गौरी आल्याचं सांगितलं. तर म्हणाली, "आई, तू त्या पोरीपाशी जाऊ नको. उगी जुनं काढशील." म्हणजे तिलाही ठाऊक आहे. मला वाटायचं, निदान तिला तरी ठाऊक नसेल.

मधल्या वर्षांत मी रंजूला एकदाच मनातलं सांगायला गेले. मेहकरच्या स्टँडवर दिसली, हातात औषधांची पिशवी. मी म्हटलं, रंजू, माझं चुकलं व त्या वेळी. ती हसली. मोठ्यानं नाही, सभ्यपणानं हसली, आपल्याकडे परक्या बाईसमोर हसतात तसं.

"तुमी काही खोटं थोडीच लिहिलं, काकू. पाहा ना, सैपाकात चालते, वावरात चालते, सासूच्या दुखण्यात चालते. मेलेल्या बहिणीच्या फोटोखालीबी चालते."

तेवढ्यात तिची गाडी लागली. खिडकीतून तिनं हातही केला. मालूचा पोरगा तिनंच वाढवला, आता मिशा फुटल्या त्याला. गौरी तिला आई म्हणते, तो अजून मावशी म्हणतो.

तर, प्रवीण सर. त्यांना मी तिथल्या तिथं काही सांगितलं नाही. म्हटलं, आधी पाहू दे. संध्याकाळी काठी घेऊन मैदानावर गेले. पोरींनी अर्धं मैदान झाडून घेतलं होतं, अर्ध्यावर सोयाबीन पसरलेलं. गौरी सगळीकडे खेळली. सर हाका मारतील तिकडे जायची, मान पुढं काढून. शेवटी मी म्हटलं, हिला डावीकडे मोकळ्यावर उभी करा आणि हाका मारू नका. चेंडू तिच्या हातात आला. ती क्षणभर थांबली. समोर पाहिलं.

मी काठीवर दोन्ही हात ठेवले.

सरांना म्हटलं, तीन नंबर. पहिल्या शिट्टीपासून. दुसरीकडे भगदाड पडलं तर पडू दे, ते बुजवायला दुसऱ्या पोरी शोधा. सर म्हणाले, काकू, पण तिचा उपयोग मग एकाच जागी होईल, संघाचं नुकसान नाही का? मी म्हटलं, होईल. होऊ द्या. ते थोडे नाराज झाले, पण ऐकलं. म्हणाले, मग फॉर्म तुम्हीच भरा, तुमचं अक्षर चांगलं आहे.

काल दुपारी मैदानाच्या कडेला, चिंचेखाली, खुर्चीवर पाटी ठेवून मी फॉर्म भरायला बसले. छापलेला कागद तोच आहे अजून, फक्त गुळगुळीत झाला. नाव, वर्ग, जन्मतारीख, उंची. शेवटच्या रकान्यात मी सावकाश, एकेक अक्षर ठासून लिहिलं: फॉरवर्ड. तीन नंबर. डावी बाजू. सुरुवातीपासून. रकान्यात ते बरोबर मावलं. खाली रेघ मारली.

समोर एक बाई सोयाबीन चाळवत होती. दाण्यांतून पाय ओढत, मागं दोन चर उमटवत, रिंगेखालून मधल्या गोलाकडे. डोक्यावर पदर, त्यामुळे आधी कळलं नाही. रंजू भावाच्या मळणीला आली होती. चाळवत चाळवत ती माझ्यापर्यंत आली आणि कडेला थांबली. गौरीचं नाव दिसलं असेल. हात पदराला पुसून तिनं कागद उचलला.

वाचायला तिला वेळ लागला. मोजकेच शब्द तर होते. मला वाटलं, आता ती काही चांगलं म्हणेल. या वयातही माणसाला अशी आशा असते.

तिनं बोट शेवटच्या रकान्यावर ठेवलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलं, मापल्यासारखं.

"काकू," ती म्हणाली, "माह्या कागदावर इतकी जागा होती का?"

मैदानावर गौरीचा चेंडू आपटत होता. मी म्हटलं, "हाव. इतकीच होती."

तिनं कागद जसा होता तसा माझ्या पाटीवर ठेवला, उडू नये म्हणून वर एक खडा ठेवला, आणि दाण्यांतून पाय ओढत परत गेली.